'अभिप्रायार्थ सप्रेम भेट' : ग्रंथपरीक्षण, भीड आणि सचोटी

मराठीतील ग्रंथपरीक्षणाच्या प्रामाणिकपणाची चर्चा बहुधा दोनच प्रसंगी होते. एखाद्या लेखकाच्या पुस्तकावर प्रतिकूल लिहिले गेले म्हणजे, किंवा एखाद्या सामान्य पुस्तकाचा सर्वत्र उदोउदो झाला आणि तो कोणाला सहन झाला नाही म्हणजे. दोन्ही वेळा चर्चा व्यक्तींभोवती फिरते आणि यथावकाश विझते. परीक्षणाचा व्यवहार कोणत्या परिस्थितीत घडतो, परीक्षकाच्या हाती पुस्तक कोठून येते, ते देणाऱ्याची अपेक्षा काय असते आणि घेणाऱ्यावर त्या अपेक्षेचे दडपण कसे येते, हे प्रश्न बाजूलाच राहतात. प्रस्तुत टिपणात या व्यवहाराचा विचार करावयाचा आहे. विनामूल्य मिळालेली प्रत हे परीक्षणातील अप्रामाणिकपणाचे मूळ आहे असे मानण्याची पद्धत आहे. माझ्या मते ते निदान चुकीचे आहे आणि चुकीच्या निदानामुळे उपायही चुकत गेले आहेत.

प्रथम प्रत येते कशी ते पाहू. नियतकालिकांचा जुना नियम असा, की परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. पुस्तक पोचले की 'साभार पोच' या सदरात त्याचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे व मूल्य यांची नोंद येते. एक प्रत कार्यालयात राहते, दुसरी परीक्षकाकडे जाते. परीक्षकाला मिळणारे मानधन इतके अल्प असते, किंवा मुळीच नसते, की ती प्रत हेच त्याचे मानधन ठरते. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच न तपासलेल्या मुद्रितांची बांधीव प्रत परीक्षकांना धाडली जाते आणि अंतिम प्रतीशी ताडून पाहिल्यावाचून त्यातले काही उद्धृत करू नये अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. मराठीत ही पद्धत फारशी रुजली नाही. आपल्याकडे तिचे काम लेखकच करतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ सप्रेम भेट' असे लिहून, खाली सही व तारीख घालून तो प्रत स्वतः आणून देतो. अलीकडे बांधणीच्याही आधी भ्रमणध्वनीवर पीडीएफ येते आणि प्रकाशन समारंभाच्या दिवशी अभिप्राय छापून यावा अशी अपेक्षा तिच्यासोबत येते. मुद्रितशोधन पुरे झालेले नाही, सूची जोडलेली नाही, कधी शेवटचे प्रकरणही बदलायचे आहे. पण अभिप्राय मात्र 'मराठी साहित्यात मोलाची भर' असा पक्का!

आता या प्रतीने परीक्षक विकला जातो काय? तीनशे-चारशे रुपयांच्या पुस्तकासाठी कोणी आपले मत विकत असेल असे मला वाटत नाही. वर्तमानपत्राच्या कार्यालयात येणाऱ्या पुस्तकांपैकी कितीतरी पुढे पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'अभिप्रायार्थ' या शिक्क्यानिशी दिसतात. ज्या वस्तूची ही गत होते ती लाच म्हणून किती बलवान असणार? परीक्षकाला बांधून टाकते ती भीड. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपल्या वाङ्मयीन व्यवहाराला जितकी लागू पडते तितकी क्वचितच अन्यत्र पडत असेल. पुण्या-मुंबईत निदान गर्दीचा आडोसा असतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, पेण अशा गावांतून मराठीचा प्राध्यापक आणि स्थानिक लेखक यांचे नाते निव्वळ वाङ्मयीन कधीच नसते. लेखक निवृत्त मुख्याध्यापक असतो, वाचनालयाचा कार्यवाह असतो, आपल्या विद्यार्थिनीचा बाप असतो. आपल्या महाविद्यालयाच्या विकास समितीवरही असू शकतो. तो एस. टी. स्थानकावर भेटतो, लग्नात भेटतो, मयतीला भेटतो. त्याचे पुस्तक विकत घेऊन वाचले तरी ही भीड तसूभर कमी होत नाही. म्हणूनच प्रत फुकट मिळाली की विकत घेतली, हा निकष अपुरा आहे.

भीड हा दोष म्हटला तर निर्भीडपणा हा त्यावरचा उपाय, असे सहजच वाटते. येथे मराठी समीक्षेच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे, कारण तो या बाबतीत मोठा बोधक आहे. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'च्या चौऱ्याऐंशी अंकांतून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ग्रंथांवर टीका हा स्वतंत्र विचाराचा विषय केला. सरकारी नोकरीत असताना त्यांनी ही माला सुरू केली आणि कोणाची भीडमुर्वत बाळगली नाही. लोकहितवादींसारख्या वडीलधाऱ्या व प्रतिष्ठित लेखकावर त्यांनी कठोर टीका केली. त्यांना कोणी सप्रेम भेट देऊन वश केले असेल अशी कल्पनाही करवत नाही. परंतु याच चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना भाषेच्या अशुद्धतेवर आणि उपहासावर भर दिला. 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथातील इतिहासाची मांडणी ग्राह्य की अग्राह्य हा वादाचा मुद्दा होऊ शकला असता. तिच्यामागचा सामाजिक अनुभव खरा की खोटा हा प्रश्न तर टाळताच येण्यासारखा नव्हता. तो त्यांनी टाळला. व्याकरणाच्या चुका दाखवणे हे परीक्षकाचे कामच आहे. मात्र त्या चुकांच्या आड ग्रंथाचा आशय झाकला जाऊ देणे ही परीक्षकाची फसवणूक होय, मग ती करणारा कितीही निर्भीड असो. निर्भीडपणा हा स्वभावाचा गुण आहे. सचोटी हा ग्रंथाशी असलेल्या संबंधाचा गुण आहे. दोन्ही एकत्र नांदतीलच असे नाही.

फुल्यांनाच परीक्षकांचा अनुभव याहून आधी आला होता. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. ही कमिटी मराठी ग्रंथांना बक्षिसे देत असे, म्हणजे तिचे सभासद एका अर्थाने अप्रकाशित ग्रंथांचे परीक्षकच. शेतकऱ्याला नाडणाऱ्या जोशीबुवाचे ते नाटक तेथील भट सभासदांच्या आग्रहामुळे नामंजूर झाले, असे स्वतः फुल्यांनी 'गुलामगिरी'त नमूद केले आहे. नाटक पुढे शतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. येथे भीड होती ती लेखकाची नव्हे, आपल्या जातिसमूहाची. आजच्या भेट प्रतींच्या चर्चेत या दुसऱ्या प्रकारच्या भिडेचा उल्लेखही होत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. आपल्या गटाच्या, आपल्या प्रवाहाच्या, आपल्या गुरूच्या पुस्तकाची प्रत पदरचे पैसे देऊन घेतली तरी हात आखडलेलाच राहतो. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले तेव्हा फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले. त्या पत्रामागे परीक्षकवर्गाचा हा तीस वर्षांचा अनुभव उभा होता, हे विसरून चालणार नाही.

पाश्चात्त्य वाङ्मयव्यवहारात भिडेवर उपाय म्हणून निनावी परीक्षणाचा प्रयोग दीर्घकाळ झाला. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मधील परीक्षणांखाली १९७४ पर्यंत परीक्षकाचे नाव नसे. नाव नसले की लिहिणारा मोकळा होतो हे खरे. पण मित्राची भलामण करायला आणि शत्रूवर सूड उगवायलाही तितकाच मोकळा होतो. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली स्वतःच्याच काव्यसंग्रहावर निनावी परीक्षणे लिहून छापून आणली, हा किस्सा वाङ्मयेतिहासात गमतीचा म्हणून सांगतात. वाचकाच्या दृष्टीने तो गमतीचा नाही.

याहून विचारार्ह सूचना व्हर्जिनिया वुल्फने १९३९ सालच्या 'रिव्ह्यूइंग' या पुस्तिकेत केली होती. वर्तमानपत्री परीक्षण बंदच करावे, त्याऐवजी लेखकाने शुल्क देऊन परीक्षकाची एकान्तात भेट घ्यावी आणि वैद्याने रोग्याला सांगावे तसे परीक्षकाने त्याला पुस्तकाचे गुणदोष सांगावेत, अशी ती कल्पना. त्याच पुस्तिकेत तिचे पती लिओनार्ड वुल्फ यांनी टिपण जोडून या म्हणण्याशी मतभेद नोंदवला. परीक्षण लेखकासाठी नसून वाचकासाठी असते, हा त्यांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. असे असले तरी व्हर्जिनिया वुल्फच्या सूचनेत आपल्याला घेण्याजोगा एक भाग आहे. लेखकाला द्यावयाचा सल्ला आणि वाचकाला द्यावयाचा अहवाल ही दोन वेगळी कामे आहेत. मराठीत ती सर्रास एकत्र होतात. हस्तलिखित वाचून मित्राला स्पष्ट सांगावयाचे ते आपण सांगत नाही आणि छापील पुस्तकावर जे तटस्थपणे लिहावयाचे त्यात त्याची समजूत काढत बसतो. 'पुढील लेखनास शुभेच्छा' हे आपल्या परीक्षणांतील शेवटचे वाक्य या घोटाळ्याची निशाणी आहे. वाचकाला त्या शुभेच्छांचा काय उपयोग?

तो वाचक कोण, हे रायगडच्या किनाऱ्यावर बसून पाहिले तर फार स्पष्ट दिसते. तो आहे 'क' किंवा 'ड' वर्गातील गावच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने उभ्या केलेल्या व्यवस्थेत त्याच्या ग्रंथालयाला जे तुटपुंजे अनुदान मिळते, त्यातून त्याला वर्षाची पुस्तके घ्यायची असतात. मोठ्या दुकानात जाऊन पुस्तके चाळण्याची सोय त्याला नाही. नियतकालिकातील परीक्षणे आणि याद्या यांवर त्याची भिस्त. आमच्या एखाद्या भिडस्त वाक्यामुळे त्याने चारशे रुपयांचे निरुपयोगी पुस्तक घेतले, तर एका मुलाच्या हाती पडू शकणारे चांगले पुस्तक त्या वर्षी आले नाही एवढाच त्याचा अर्थ. परीक्षकाला प्रत फुकट मिळालेली असते. ग्रंथालयाला ती फुकट मिळत नाही.

स्थानिक विषयांवरील पुस्तकांच्या बाबतीत तर स्थानिक परीक्षकाची जबाबदारी अधिकच वाढते, कारण तेथे त्याच्यावाचून दुसरा परीक्षक नसतो. किनारपट्टीवरील गावांचे, देवस्थानांचे, किल्ल्यांचे इतिहास सांगणारी पुस्तके आपल्याकडे सतत निघतात. त्यांपैकी काही कष्टाने लिहिलेली असतात. काहींत १८८३ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील कुलाबा व जंजिरा या खंडाची पानेच्या पाने निर्देशावाचून मराठीत उतरवलेली असतात आणि प्रकाशन समारंभात त्यांनाच 'सखोल संशोधन' म्हटले जाते. पुण्याच्या परीक्षकाला हे कळण्याचे कारण नाही. ज्याच्या महाविद्यालयाच्या कपाटात तो खंड आहे त्याला कळते, आणि तो गप्प बसला तर ते कायमचे झाकले जाते. चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ काळ चालला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा लढा कोणी दोन वर्षांत गुंडाळला किंवा त्यात ज्यांचा संबंध नव्हता त्यांना पुढारी केले, तर ती निव्वळ मुद्रणाची चूक राहत नाही. ज्या कुळांनी इतकी वर्षे जमिनी नांगरल्या नाहीत त्यांच्या नातवंडांच्या हाती ते पुस्तक पडणार असते.

कादंबरीच्या बाबतीतही हेच. खारेपाटातले जीवन चितारणाऱ्या कादंबरीत खारबंदिस्तीचा बांध उधाणाने फुटून खांड जाते असा प्रसंग असेल, तर तो कोणत्या तिथीला, कोणत्या ऋतूत, शेतात काय उभे असताना घडतो याला अर्थ आहे. लेखकाने तो अमावास्या-पौर्णिमेऐवजी अष्टमीला, भांगाच्या भरतीत घडवला तर 'कोकणच्या मातीचा अस्सल गंध' हे परीक्षणातील वाक्य हास्यास्पद ठरते. आगरी किंवा कोळी बोलीचे संवाद लिहिताना लेखकाने प्रमाण मराठीतील 'आहे'चे सरसकट 'हाय' केले आणि बोली झाली असे मानले, तर ते दाखवून देण्याचे काम त्या बोलीत वाढलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकाने करावयाचे नाही तर कोणी करावयाचे?

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. नव्याने लिहू लागलेला कोळीवाड्यातला तरुण, पदरमोड करून पहिला संग्रह काढणारी शिक्षिका, आश्रमशाळेतून शिकून आलेला कातकरी कवी यांच्यावर प्रस्थापितांच्या निकषांनी कठोर लिहिणे म्हणजे चिपळूणकरी अन्यायाचीच पुनरावृत्ती नव्हे काय? या आक्षेपातील तथ्य मला मान्य आहे. मात्र त्यातून काढला जाणारा 'म्हणून कौतुकच करावे' हा निष्कर्ष मला मान्य नाही. दया म्हणून केलेल्या कौतुकात एक गृहीतक दडलेले असते, की या लेखकाकडून याहून अधिक अपेक्षा करता येणार नाही. तो अपमान आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा त्याला गंभीर परीक्षक व वाचक लाभले, ते सवलतीने नव्हे. पुस्तकानेच त्यांना आपले निकष तपासून पाहायला लावले म्हणून. नव्या लेखकाला परीक्षकाकडून हवे असते ते हेच: कोणीतरी आपले पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे याचा पुरावा. दोन कविता नावानिशी घेऊन त्या का उभ्या राहिल्या हे सांगणारा आणि तिसरी का कोसळली हे दाखवणारा परीक्षक त्याला विशेषणांच्या हारापेक्षा अधिक देतो. स्वर सौम्य ठेवता येतो. सौम्यपणाला माझा विरोध नाही, आणि मराठीइतकी सौम्यपणे नकार देण्याची सोय असलेली भाषा क्वचितच असेल.

मौनाचा मार्ग पुष्कळांना सुरक्षित वाटतो. पुस्तक आवडले नाही, लिहिले नाही, प्रश्न मिटला. प्रथितयश लेखकाच्या बाबतीत हे चालून जाईल. अनोळखी लेखकाच्या बाबतीत मौन म्हणजे काय, ते 'तृतीय रत्न'च्या हकिकतीवरून ध्यानात यावे. शिवाय परीक्षणार्थ प्रत मागून घेतली आणि नंतर मौन पाळले, तर तो सरळ वचनभंग आहे. न मागता आलेल्या प्रतीचे तसे नाही. तिच्यावर लिहिण्याचे बंधन कोणावरही नसते, आणि हे लेखकाला आधीच सांगून टाकणे दोघांच्याही सोयीचे.

संपादकांविषयीही थोडे. परीक्षकाने उणिवा दाखवल्या तरी त्या छापून येतीलच असे नाही. माझ्या एका परीक्षणातील मर्यादांची चर्चा करणारा परिच्छेद 'जागेअभावी' गाळला गेला आणि त्याच पानावर त्याच प्रकाशकाची जाहिरात होती. जागा कशाने भरली हे मला कळले. अशा वेळी परीक्षण मागे घेण्याचा अधिकार परीक्षकाला असावा, निदान गाळलेल्या मजकुराची सूचना त्याला आधी मिळावी.

अभ्यासकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ग्रंथाच्या स्वागताचा इतिहास लिहिताना परीक्षणे ही आपली साधनसामग्री असते. पीएच. डी.च्या प्रबंधांत 'समीक्षकांची मते' असे एक प्रकरण ठरलेले असते आणि त्यात दहा-वीस अभिप्राय एकामागून एक उतरवलेले असतात. त्यांपैकी कोणता अभिप्राय सहकाऱ्याचा, कोणता मार्गदर्शकाचा, कोणता प्रकाशन समारंभातील भाषणाचा आणि कोणता खऱ्या वाचनातून आलेला, याची छाननी क्वचितच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशनांना गुण दिल्यापासून लेखनाची संख्या वाढली. नियतकालिकांच्या मान्यतेची केअर सूची २०२५ मध्ये रद्द झाली, पण गुणांसाठी लिहिण्याची सवय काही रद्द झालेली नाही. आपल्या पुस्तकावर तू लिही, तुझ्यावर मी लिहितो, हा देवाणघेवाणीचा हिशेब पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकाला कसा उलगडणार? त्याला वाटेल, या काळात मराठीत एकही वाईट पुस्तक निघाले नाही!

इतर क्षेत्रांत याबाबत नियम झाले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली, वस्तू फुकट घेऊन तिच्याविषयी लिहिणाऱ्यांनी तसे जाहीर करावे असा दंडक घातला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे मानक काढले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरून वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. साबण आणि भ्रमणध्वनी यांच्याविषयी जी दक्षता आपण घेऊ लागलो ती ग्रंथाविषयी घेत नाही. तथापि हे नियम जसेच्या तसे उचलून आपले काम भागणार नाही. 'प्रत लेखकाकडून भेट मिळाली' असे छापले तर मराठीतील प्रत्येक परीक्षणाखाली तेच वाक्य येईल आणि त्याचा अर्थ संपेल. जाहीर करावयाचे ते नाते. लेखक परीक्षकाचे सहकारी, मार्गदर्शक, विद्यार्थी वा आप्त आहेत काय. परीक्षकाने हस्तलिखित वाचले होते काय, मलपृष्ठावरचा मजकूर त्याचा आहे काय, प्रकाशन समारंभात तो वक्ता होता काय. परीक्षण छापील प्रतीवरून केले की प्रकाशनपूर्व पीडीएफवरून, हे परीक्षणाच्या शेवटी दोन ओळींत सांगता येते. विज्ञानाच्या नियतकालिकांत हितसंबंधांचे निवेदन रूढ आहे. विद्यापीठीय विभागांच्या मराठी नियतकालिकांनी ते स्वीकारण्यास पैसा लागत नाही की ठराव लागत नाही.

एम. ए.च्या समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत परीक्षणलेखन हे प्रात्यक्षिक म्हणून घेता येईल. एकाच पुस्तकाच्या चार प्रती ग्रंथालयातून घ्याव्यात, चार विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता परीक्षण लिहावे आणि शेवटी प्रत्येकाने आपले लेखकाशी असलेले नाते नमूद करावे. पुस्तक शक्यतो तालुक्यातल्याच लेखकाचे घ्यावे. मग ती चारही परीक्षणे लेखकाला बोलावून त्याच्यासमोर वाचावीत.